राउटरवर कॉलला सर्वांत वरचं प्राधान्य दिलं, तरी अपलोड सुरू झालं की कॉल बिघडतो

प्रश्न

नमस्कार. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. उच्चारांत अडचण असलेल्या लहान मुलांबरोबर काम करते आणि आठवड्यातली निम्मी सत्रं घरून, व्हिडिओ कॉलवर घेते. प्रश्न राउटरचा आहे, पण माझं काम कसं चालतं ते सांगितल्याशिवाय अडचण नीट कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सध्या माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा येतो. तो ‘स’च्या जागी ‘त’ म्हणतो. ससा म्हणायचं तर ‘तता’, साबण म्हणायचा तर ‘ताबण’. मी चित्र धरते, तो नाव सांगतो, मी ऐकते आणि लगेच, अगदी त्याच क्षणी, ‘शाबास’ म्हणते किंवा जिभेची जागा पुन्हा करून दाखवते. हा ‘लगेच’ फार महत्त्वाचा आहे. दाद अर्धा-पाऊण सेकंद उशिरा पोचली, की तोवर मूल पुढच्या चित्राकडे वळलेलं असतं आणि आपण नक्की काय बरोबर केलं हे त्याला कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘स’ हा नुसता हवेचा घासलेला आवाज. कॉल जरा खराब झाला की सगळ्यांत आधी तोच पुसला जातो. मला ‘...सा’ किंवा नुसता ‘आ’ ऐकू येतो, आणि चूक पोराची की लाइनची हे सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात त्याने ससा अगदी बरोबर म्हटला होता. शेजारी बसलेली त्याची आई तसं सांगतही होती. मी मात्र त्याला परत म्हणायला लावलं. त्याचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आता घरची परिस्थिती. लाइन १०० एमबीपीएस डाउनलोड आणि १० अपलोड अशी आहे. स्पीड टेस्टमध्ये ९६ आणि ९.६ येतात. संध्याकाळी माझी सत्रं असतात, त्याच वेळी मुलाच्या लॅपटॉपवरून त्याच्या व्हिडिओंचा बॅकअप वर चढत असतो, मुलगी एखादा मोठा गेम उतरवून घेत असते आणि सासरे टीव्हीवर काहीतरी बघत असतात. बॅकअप सुरू असला की माझं बोलणं समोर उशिरा पोचतं, आणि गेम उतरत असला की मला येणारा आवाज तुटतो. इतकं मी स्वतः ताडून पाहिलं आहे.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘क्यूओएस’ सापडलं, म्हणजे कुठल्या उपकरणाला आधी वाट द्यायची ते ठरवायची सोय. ते सुरू केलं, माझ्या लॅपटॉपला ‘सर्वोच्च’ प्राधान्य दिलं, मुलांच्या उपकरणांना आणि टीव्हीला ‘कमी’. वर एकूण अपलोड आणि एकूण डाउनलोड असे दोन रकाने होते. दोन्हींत आधीच १००० लिहिलेलं होतं, तिथे हात लावला नाही. सेव्ह करून राउटर बंद-चालू केला. काहीही फरक नाही. लॅपटॉपवरून पिंग लावून बसले, म्हणजे एक छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत बसले: घर शांत असताना १४ मिलिसेकंद, बॅकअप सुरू झाला की दहा-पंधरा सेकंदांत ७८०.

मुलांना ‘माझं सत्र आहे, नेट बंद करा’ असं रोज सांगायची माझी इच्छा नाही, त्यांचीही कामं असतात. प्राधान्य दिलं म्हणजे नक्की काय मिळतं? आणि मिळत असेल तर मला का मिळत नाही?


उत्तर १

आमच्याकडेही हाच त्रास होता. आम्ही सरळ मोठा प्लॅन घेतला, अपलोड बराच वाढला आणि त्रास गेला. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची वेळच आली नाही. तुम्हीही आधी तेच करून पाहा, असं मला वाटतं.


उत्तर २

ताई, तुम्ही पिंगचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्या ७८० मध्ये आहे. मी बावीस वर्षं नेटवर्कचंच काम करतोय. क्यूओएस लावलं आणि फरक पडला नाही अशी तक्रार आली, की मी पहिल्यांदा तेच दोन रकाने बघतो ज्यांना तुम्ही हात लावला नाही.

प्राधान्य म्हणजे रांगेतला क्रमांक. राउटरमध्ये पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागली, तर त्यातलं कोणतं आधी सोडायचं एवढंच तो नियम ठरवतो. रांगच नसेल तर नियमाला करायला काही उरत नाही. तुमच्या राउटरला सांगितलंय की बाहेर जायचा रस्ता १००० एमबीपीएसचा आहे. घरातून सगळं मिळून ४०-५० एमबीपीएस आलं तरी तो म्हणतो, रस्ता मोकळा आहे, जाऊ दे सगळं. राउटर ते मोडेम (घर कंपनीच्या लाइनला जोडणारा डबा) ही केबल खरंच तेवढ्या वेगाची असते, त्यामुळे सगळी पॅकेटं झरझर मोडेमपर्यंत जातात. पुढे लाइन आहे ९.६ ची. रांग लागते ती तिथे, मोडेमच्या पोटात. आणि मोडेमला तुमचा लॅपटॉप कोणता आणि मुलाचा कोणता हे माहीत नसतं. जो आधी आला तो आधी जाईल, एवढंच त्याला कळतं.

हिशेब करून बघा. ७८० मधून शांत वेळचे १४ वजा केले तर ७६६ मिलिसेकंद राहतात. ९.६ एमबीपीएसच्या लाइनवर तेवढ्या वेळात सुमारे ७३ लाख ५० हजार बिट जातात, म्हणजे ९ लाख २० हजारांच्या आसपास बाइट. पूर्ण भरलेलं एक पॅकेट १५०० बाइटचं. म्हणजे तुम्ही ‘शाबास’ म्हणता तेव्हा त्या शब्दाच्या पुढे मुलाच्या व्हिडिओची सहाशेहून जास्त पॅकेटं उभी असतात. तुमचा शब्द सर्वोच्च प्राधान्य घेऊन राउटरमधून निघाला खरा, पण मोडेममध्ये त्या सहाशेंच्या मागे जाऊन उभा राहिला.

दूरध्वनीसाठी जी.११४ नावाची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तिच्यात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय, म्हणजे बहुतेक संभाषणांना तो जाणवत नाही. तुमचा एकट्या मोडेममध्येच त्याच्या पाचपट होतोय. मूल पुढच्या चित्राकडे वळणारच.

मोडेम इतकी पॅकेटं साठवतोच का, हेही सांगतो. टीसीपी, म्हणजे फायली चढवणारी-उतरवणारी पद्धत, लाइनचा वेग आधी विचारून घेत नाही. ती वेग वाढवत जाते, आणि पॅकेट हरवायला लागलं की समजते, आता जास्त झालं, मग मागे येते. ही मागे यायची शिस्त लागली त्याला कारण घडलं होतं. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधल्या लाइनचा वेग गर्दीमुळे ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला होता. दोन्ही ठिकाणांत अंतर काही शे मीटरचं. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला आणि १९८८ मध्ये गर्दी दिसली की वेग कमी करण्याची रीत मांडली. पण ती रीत पॅकेट हरवण्यावर अवलंबून आहे. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उपकरणांत मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेटं साठवून ठेवायच्या जागा, आले. पॅकेट हरवण्याऐवजी साठत जातं, पाठवणाऱ्याला गर्दी कळतच नाही, आणि तो पाठवतच राहतो. २०१० मध्ये जिम गेटीस यांनी स्वतःच्या घरच्या लाइनवर हेच पकडलं आणि त्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. तुमच्या घरी संध्याकाळी जे होतं ते तेच आहे.

आता उपाय. रांग मोडेममधून काढून राउटरमध्ये आणायची. त्यासाठी राउटरला खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा सांगायचा. मग राउटरच हात आखडता घेतो, मोडेमची रांग रिकामी राहते, आणि सगळं थांबणं तुमच्या ताब्यातल्या डब्यात होतं. तिथे तुमचं प्राधान्य चालतं.

स्पीड टेस्ट केबल लावून करा, वायफायवर नको, आणि तुमच्या सत्राच्याच वेळी करा. तीन-चार संध्याकाळी करून त्यातला सगळ्यांत कमी आकडा घ्या आणि त्याच्या नव्वद टक्के लिहा. आज दिलेले आकडे धरले तर अपलोड ८.६ आणि डाउनलोड ८६. रकान्याशेजारी एकक काय आहे ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. काही राउटरमध्ये ते किलोबिटमध्ये असतं. तिथे ८.६ एमबीपीएससाठी ८६०० लिहावं लागतं. ‘१०’ लिहून सेव्ह केल्यावर अख्ख्या कार्यालयाचं नेट ठप्प झालेलं मी पाहिलंय.

डाउनलोडचं थोडं वेगळं आहे. तुमचं ‘शाबास’ अपलोडच्या वाटेने जातं, पण मुलाचा ‘स’ डाउनलोडच्या वाटेने येतो. ती रांग तुमच्या मोडेमच्याही पलीकडे, कंपनीच्या टोकाला लागते. तिथे तुमची सत्ता नाही. राउटर एवढंच करू शकतो की ८६ च्या वर आलेली गेमची पॅकेटं मुद्दाम थोपवायची किंवा टाकून द्यायची. पाठवणाऱ्या सर्व्हरला पॅकेट हरवलेलं दिसतं आणि तो वेग कमी करतो. उपाय आडवळणाचा आहे, पण चालतो. अपलोडइतका पक्का मात्र नाही, त्यामुळे गरज पडली तर डाउनलोडचा आकडा ८५ टक्क्यांवर आणा.

आवाजाला जागा किती लागते तेही सांगतो, म्हणजे मुलांचं काही हिसकावून घेतोय असं वाटणार नाही. जुन्या पद्धतीच्या जी.७११ कॉलमध्ये दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट आवाज जातो. वर ४० बाइट पत्त्याबित्त्याचे धरले तरी सेकंदाला ८० किलोबिट होतात. म्हणजे तुमच्या अपलोडच्या एक टक्क्याहूनही कमी. आजच्या कॉलमध्ये बहुधा ओपस ही आवाज दाबून पाठवायची पद्धत वापरतात, त्याला याहूनही कमीत भागवता येतं. व्हिडिओला जास्त लागतो, तो कॉल चालू असताना अ‍ॅपच्या आकडेवारीत बघा. आवाजाला मोठा रस्ता लागत नाही, त्याला वेळेवर सुटणं लागतं.

उत्तर १ मध्ये म्हटलंय तसं मोठ्या प्लॅनने त्यांचा त्रास गेला असणार, हे मी मान्य करतो. तुमचेच ९ लाख २० हजार बाइट ५० एमबीपीएसच्या अपलोडवर १४७ मिलिसेकंदांत रिकामे होतील. पण बॅकअप ती लाइनही भरेपर्यंत वाढत जाईल, आणि नवा मोडेम जास्त साठवणारा निघाला तर पुन्हा तेच. आधी हे फुकटातलं करून बघा.

बदल केल्यावर पहिली खूण ही, की स्पीड टेस्टचा आकडा कमी झाला पाहिजे. ८.६ च्या खाली आला तर नियम लागू झाला. पूर्वीएवढाच आला तर नियम नुसता पानावर आहे, तसं असेल तर इथे कळवा.


प्रश्नकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून धन्यवाद. ‘शाबासच्या पुढे सहाशे पॅकेटं’ हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. आजवर मी माझ्या आवाजाला दोष देत होते, माइकसुद्धा बदलला होता.

तीन संध्याकाळी मोजलं. सगळ्यांत कमी आले ९४ आणि ९.४. त्यावरून डाउनलोड ८४ आणि अपलोड ८.४ लिहिलं. एकक एमबीपीएसच होतं, दोनदा बघितलं. सेव्ह केलं, राउटर बंद करून चालू केला. पण स्पीड टेस्ट तशीच, ९५ आणि ९.५. बॅकअप लावून पिंग बघितला, ७६०. म्हणजे तुम्ही म्हणालात तसा नियम नुसता पानावर आहे. आता काय करू?

शिवाय मुलाच्या फोनला ‘कमी’ दिलं होतं, पण आज यादीत तो फोन नव्या नावाने वेगळाच दिसतोय आणि त्याला कुठलाच नियम नाही.


उत्तर २, पुन्हा

राउटरच्या पुढारलेल्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन’, ‘हार्डवेअर एनएटी’ किंवा ‘फ्लो ऑफलोड’ अशा नावाचं काही सुरू आहे का बघा. या सोयीत पॅकेटं राउटरच्या मुख्य प्रोसेसरला वळसा घालून थेट चिपमधून निघून जातात. वेग वाढतो, पण रांग लावणारा कारकून प्रोसेसरकडे बसलेला असतो, त्याच्यासमोर ती येतच नाहीत. बरेच राउटर क्यूओएस सुरू केल्यावर ही सोय आपणहून बंद करतात, काही करत नाहीत. तुमचा न करणाऱ्यांतला दिसतोय.

ती बंद करा. मग प्रोसेसरवर भार येईल. १०० एमबीपीएसच्या लाइनला बहुतेक राउटर पुरे पडतात, पण कुठे ५०० किंवा १००० ची लाइन असेल तर साधा राउटर धापा टाकतो आणि वेग मधेच कुठेतरी अडकतो. इतरांनी वाचताना हे लक्षात ठेवावं.


उत्तर ३

मी एका वाचनालयातलं वायफाय सांभाळते. तिथे एका वेळी चाळीसेक जण बसतात, म्हणून या विषयात बरंच डोकं घातलंय. ताई, तुमच्या फोनच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते.

राउटर उपकरण ओळखतो ते मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकावरून. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक अ‍ॅड्रेस न देता बनवलेला देतात, कुणी माग काढू नये म्हणून. एरवी एका वायफायपुरता तो तोच राहतो, पण मुलाने ते नेटवर्क ‘विसरा’ करून पुन्हा जोडलं किंवा फोन रीसेट केला, की बदलू शकतो. तुमचा नियम जुन्या पत्त्यावर लावलेला राहतो. घरच्या वायफायपुरती ती सोय फोनमध्ये बंद करता येते. मुलाला विचारून करा, त्याच्या खासगीपणाची गोष्ट आहे.

यापेक्षा मी वेगळं सुचवेन. ‘हा कमी, तो कमी’ अशी यादी करायचं सोडूनच द्या. प्रत्येक नव्या उपकरणासाठी यादी जपावी लागते, आणि घरात पाहुणे आले की ती मोडते. वर लिहायचं ते एकच, तुमचा लॅपटॉप. बाकी सगळे समान. तुमच्या लॅपटॉपलाही केबल लावलीत तर पत्ता बदलायचा प्रश्नच येत नाही.

तुमच्या राउटरच्या क्यूओएसमध्ये ‘एसक्यूएम’, ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ या रांग सांभाळायच्या पद्धतींपैकी काही निवडता येतं का बघा. येत असेल तर प्राधान्याच्या आधी तेच निवडा. वर ज्या व्हॅन जेकबसन यांचं नाव आलं, त्यांनीच कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर २०१२ मध्ये कोडेल मांडलं. रांग किती लांब आहे हे ते बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघतं. १०० मिलिसेकंद सलग बघूनही थांबायचा वेळ एकदाही ५ च्या खाली आला नाही, तर ते पॅकेट टाकायला लागतं. क्षणभर आलेली गर्दी चालते, ठाण मांडून बसलेली चालत नाही. एफक्यू-कोडेल त्यावर आणखी प्रत्येक प्रवाहाची (एका जोडणीतून जाणाऱ्या पॅकेटांची) वेगळी रांग करतं आणि आळीपाळीने सोडतं. तुमच्या कॉलचा प्रवाह बारीक, त्याची रांग कधी साठतच नाही, म्हणून त्याला फार थांबावं लागत नाही. यासाठी कुणाला वर-खाली लावावं लागत नाही, हे मला फार आवडतं. लिनक्समध्ये ते २०१२ पासून आहे आणि ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्येही.

केक २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलं. वाचनालयात मी तेच वापरते. एक कारण असं की ते प्रवाहांत वाटणी करायच्या आधी माणसांत, म्हणजे उपकरणांत, वाटणी करू शकतं. नाहीतर ज्याने एकदम तीस जोडण्या उघडल्या त्याला तीस वाटे आणि जी एका पानावर वाचत बसली आहे तिला एक, असं होतं. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत एक मुलगा दर संध्याकाळी असंच सगळं भरून टाकायचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याचं डाउनलोडचं सॉफ्टवेअरच तसं होतं. उपकरणांत वाटणी सुरू केल्यावर त्याचं काम चालू राहिलं आणि बाकीच्यांची पानंही उघडू लागली. त्याला मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

हे काहीच नसेल आणि तुमच्या राउटरमध्ये फक्त ‘किमान हमी’ आणि ‘कमाल मर्यादा’ असे रकाने असतील, तर किमान हमी वापरा, कमाल मर्यादा शक्यतो नको. लॅपटॉपला अपलोडची किमान ३ एमबीपीएस हमी दिली, तर तुम्ही कॉलवर नसताना ते ३ बॅकअपला मिळतात आणि तुम्ही आलात की परत येतात. मुलाच्या लॅपटॉपला कमाल ४ ची मर्यादा घातली, तर रात्री दोन वाजता घर झोपलेलं असतानाही तो ४ वरच रांगत राहतो, आणि उरलेला वेग वाया जातो. सगळ्या हमींची बेरीज मात्र एकूण आकड्याच्या आत ठेवायची.

अजून दोन गोष्टी. नियम जुन्या प्रकारच्या आयपी पत्त्यावर लावलेला असेल तर आयपीव्ही६, म्हणजे नव्या प्रकारच्या पत्त्यावरून जाणारा कॉल त्यातून निसटतो. म्हणून जमेल तिथे नियम उपकरणावर लावा. आणि पोर्ट नंबर (डेटा कुठल्या दारातून जातो त्याचा क्रमांक) बघून व्हिडिओ ओळखायचे जुने सल्ले सापडतील, त्यांचा आता फारसा उपयोग नाही. क्विक या डेटा पाठवायच्या नव्या पद्धतीमुळे वेबसाइट आणि व्हिडिओ दोन्ही यूडीपीच्या ४४३ पोर्टवरून जातात, नुसत्या पोर्टवरून त्यांत फरक करता येत नाही.

वायफायमधलं ‘डब्ल्यूएमएम’ कुणी बंद करायला सांगितलं तर करू नका. हवेत आवाज, व्हिडिओ, साधं आणि मागे चालणारं असे चार वर्ग तेच करतं, आणि ते बंद केलं की वायफाय जुन्या ५४ एमबीपीएसच्या दरांवर घसरू शकतं. पण वायफायची गर्दी आणि लाइनची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटरचे हे सगळे आकडे लाइनसाठी आहेत. भिंतीपलीकडच्या कमजोर सिग्नलवर त्यांचा इलाज नाही, तिथे केबलच.


प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळं केल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून नऊ दिवस लागले.

‘हार्डवेअर एनएटी’ नावाचं बटण सापडलं, ते सुरूच होतं. बंद करून लगेच टेस्ट केली: ८१ आणि ८.१. आकडा कमी झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग मुलाला म्हटलं, तुझा सगळ्यांत मोठा व्हिडिओ चढवायला लाव. तो शेजारी येऊन बसला, आणि आम्ही दोघं पिंगच्या ओळी बघत राहिलो. १९, २२, २१, २४, २२. जिथे ७८० व्हायचे तिथे एकदाही ३० च्या वर गेला नाही. मुलाने स्वतःहून विचारलं, “मग माझं किती हळू झालं?” मोजून पाहिलं. जो व्हिडिओ आधी ३० मिनिटांत चढायचा त्याला ३५ लागली. “एवढंच?” म्हणाला. इतके दिवस मी त्याला बॅकअप थांबवायला सांगत होते, तो या पाच मिनिटांसाठी.

गेम उतरताना मात्र लगेच जमलं नाही. ८४ वर आवाज अधूनमधून तुटायचा आणि पिंग ६०-७० वर उड्या मारायचा. ८० केलं, मग ७८. तिथे स्थिर झाला, ३० च्या आसपास. दादांनी डाउनलोड तेवढं पक्कं नसतं असं लिहिलंच होतं. मुलीच्या गेमला थोडा जास्त वेळ लागतो, तिला अजून ते जाणवलेलं नाही. टीव्हीची तक्रार नाही.

माझ्या राउटरमध्ये केक नाही. एफक्यू-कोडेल एका यादीत दुसऱ्या क्रमांकाला होतं, ते निवडलं. उपकरणांची यादी पुसून टाकली आणि लॅपटॉपला अपलोडची किमान ३ हमी ठेवली. कॉलमध्ये अ‍ॅपची आकडेवारी उघडून बघितली, तर व्हिडिओसकट १.८ जात होते, म्हणजे ३ पुरेसे आहेत. लॅपटॉपला केबलही ओढली, दाराखालून, दहा मीटर.

काल त्या मुलाचं सत्र झालं. बॅकअप मुद्दाम चालू ठेवला होता. मी सशाचं चित्र धरलं. तो जरा थांबला, दात जुळवले, आणि मला तो आवाज आला, आधी नुसती हवा आणि मग शब्द. मी ‘शाबास’ म्हटलं तेव्हा तो अजून त्याच चित्राकडे बघत होता. तो हसला आणि न सांगता पुन्हा म्हणाला. दहा चित्रांत सात वेळा ‘स’ बरोबर आला, तीनदा ‘त’. हे तीन ‘त’ त्याचेच होते, याची मला खात्री आहे.

मग त्याची नोंदवही काढली. मागच्या पाच सत्रांत मी दहापैकी दोन, दोन, तीन, दोन, तीन असं लिहिलेलं आहे. त्या सगळ्या संध्याकाळी बॅकअप आणि गेम चालू असायचे. त्या आकड्यांवर आता माझा विश्वास नाही. पाचही ओळींवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘आवाज नीट पोचत नव्हता, धरू नये’. त्याच्या आईला आज फोन करून तसं सांगणार आहे, आणि ससा त्या दिवशी बरोबर होता हेही.